करावेसे वाटते

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या कारखान्यांतून काम करणारी काही माळकरी मंडळी आहेत. दर एकादशीस पहिली पाळी सुटली की हातपाय धुऊन ती एकत्र बसतात. हरिपाठ होतो, थोडे निरूपण होते, आणि मग प्रश्न. निरूपणापेक्षा प्रश्नांनाच वेळ अधिक जातो. हे निरूपण करणाराचे वैगुण्य समजावे की ऐकणारांची जिज्ञासा, ते वाचकांनी ठरवावे. निरूपण करणारा मीच असल्यामुळे मला त्यात मत नाही.

गेल्या चातुर्मासात एका साचेकाम करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीस बरोबर आणले होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिने वहीचे मागचे पान उघडले. त्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला होता : ‘व्हेलीइटी’.

“बुवा, शब्दकोशात याचा अर्थ दिलाय तो असा : इच्छा आहे, पण हातपाय हलवण्याइतकी नाही. मराठीत याला काय म्हणायचं?”

मी विचारात पडलो. तेवढ्यात तिचे वडीलच म्हणाले, “अगं, त्याला येवढा अवघड शब्द कशाला? आपल्यात ‘बघूया की’ म्हणत्यात!”

मंडळी खो खो हसली. मीही हसलो. पण कोल्हापूरकडे परतताना, पंचगंगेच्या पुलावर गाडी आली तेव्हा, त्या हसण्याचा एक काटा मनात रुतल्यासारखा वाटू लागला. गेल्या वर्षभरात मी स्वतः किती वेळा ‘बघूया की’ म्हणालो, याची मोजदाद पूल संपेपर्यंत संपेना. म्हणून या महिन्यात त्या एका शब्दाचाच विचार करावयाचा आहे.

आधी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘वेले’ म्हणजे इच्छिणे. त्यावरून मध्ययुगातील ख्रिस्ती पंडितांनी ‘वेलेइतास’ असे नाम बनविले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजीत उतरले. इटलीतील थोर पंडित टॉमस अक्वायनस याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात हा शब्द येतो. हा पंडित १२७४ साली वारला आणि परंपरेनुसार शके ११९७ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी, आपल्या ज्ञानोबारायांचा जन्म झाला. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मनुष्य इच्छितो म्हणजे नेमके काय करतो, हा विचार त्या काळी पृथ्वीच्या दोन्ही टोकांना चालला होता, एवढे ध्यानात ठेवावे.

अक्वायनस म्हणतो की पूर्ण इच्छा ही शक्य गोष्टीचीच असते. अशक्य गोष्टीची जी इच्छा, ती अपुरी इच्छा, आणि तिलाच काही लोक ‘वेलेइतास’ म्हणतात. कारण तेथे मनुष्य ‘शक्य असते तर इच्छिले असते’ एवढेच म्हणत असतो. म्हणजे मूळ अर्थात निंदा मुळीच नव्हती. गेलेला मुलगा परत यावा असे आईला वाटते. तिला कोण आळशी म्हणेल?

पुढे सुमारे चारशे वर्षांनी जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६९० च्या आपल्या ग्रंथात या शब्दाला निराळेच वळण दिले. त्याच्या मते ही इच्छेची सर्वांत खालची पायरी, जवळजवळ इच्छा नाहीच म्हणा ना! वस्तू नसल्याची टोचणी इतकी थोडी असते की मनुष्य एखादा सुस्कारा टाकतो आणि साधनाच्या वाटेला जात नाही. येथून पुढे या शब्दाला जो कमीपणा चिकटला तो चिकटलाच.

आता मला लॉकचे म्हणणे पुरते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे. टोचणी थोडी म्हणून काम होत नाही, असे खरोखर आहे काय? आपल्या अनुभवाला विचारा. ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षे करीत नाही, त्यांतल्या कित्येकांची टोचणी रात्री झोप येऊ देत नाही इतकी असते. टोचणी भरपूर असूनही हात हलत नाही. मग अडते कोठे?

याचे उत्तर आपल्या न्यायशास्त्रात सापडते. वारकऱ्याच्या पाठात न्यायशास्त्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण घटपटाची खटपट म्हणून ज्याची थट्टा होते, त्या शास्त्रात माणसाच्या हातापायांचाही फार बारीक विचार आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात चोवीस गुण सांगितले आहेत. त्यांत इच्छा हा एक गुण आणि प्रयत्न हा दुसरा. दोन्ही निराळे मोजले आहेत, हे प्रथम पाहावे. आपण मात्र व्यवहारात इच्छा झाली की निम्मे काम झाले असे समजतो.

बरे, इच्छेपासून प्रयत्नापर्यंत मनुष्य जातो कसा? मध्ये ‘चिकीर्षा’ नावाची एक पायरी आहे. चिकीर्षा म्हणजे करण्याची इच्छा. ‘व्हावे’ ही नुसती इच्छा झाली. ‘मी करावे’ ही चिकीर्षा झाली. आणि ही चिकीर्षा उत्पन्न व्हावयास दोन गोष्टींचे ज्ञान लागते : ही गोष्ट केल्याने माझे इष्ट साधेल, हे एक. आणि ही गोष्ट माझ्या कृतीने होण्यासारखी आहे, हे दुसरे. या दुसऱ्यास ‘कृतिसाध्यता’ म्हणतात. विश्वनाथ न्यायपंचाननाच्या सिद्धान्तमुक्तावलीत याला पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस पडावा असे सर्वांनाच वाटते, आणि पाऊस पडल्याने इष्ट साधते हेही सर्वांना ठाऊक असते. तरी पाऊस पाडावयास कोणी उठत नाही. का? तर तो आपल्या कृतीने होण्यासारखा नाही हे ज्ञान असते म्हणून. तेथे इच्छा आहे, चिकीर्षा नाही, आणि त्यात दोषही नाही.

आता त्या मुलीच्या शब्दाकडे पुन्हा या. अक्वायनसने सांगितलेली अशक्याची इच्छा म्हणजे हा पाऊसच होय. मग आपल्या ‘बघूया की’ चे काय? जी गोष्ट हाताने होण्यासारखी आहे, तिलाच आपण पावसाच्या खात्यात टाकतो. विहिरीत पाणी आहे, दोर आहे, घागर आहे, आणि आपण आभाळाकडे बघत बसलो आहोत! इच्छा कमी पडली असे येथे झालेले नाही. जमाखर्च चुकीच्या पानावर मांडला गेला आहे.

आपल्या मराठी भाषेने तर ही गोष्ट व्याकरणातच करून ठेवली आहे. ‘मी जातो’, ‘मी जाणार’ असे म्हणताना ‘मी’ प्रथमेत असतो, कर्त्याच्या जागी असतो. ‘मला जावेसे वाटते’ म्हणालो की तोच मी चतुर्थीत जाऊन बसतो. ‘मला थंडी वाजते’, ‘मला भूक लागते’, त्यातलाच हा ‘मला’. थंडी वाजते, मी नुसता कुडकुडतो. तसे वाटण्याचे काम वाटणे करते, आणि मी त्याच्यापुढे पाट मांडून बसलेला! वैयाकरण म्हणतील, ‘मला जायचे आहे’ यातही चतुर्थीच आहे की, आणि त्यात तर निश्चय आहे. मान्य. नियम म्हणून मी हे सांगत नाही. पुढच्या वेळी ‘मला करावेसे वाटते’ असे तोंडातून निघाले, तर आपण कोणत्या विभक्तीत बसलो आहोत ते पाहावे, एवढेच म्हणणे.

येथे एक शंका येईल. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ हा शब्द आहे, तो हाच की काय? मला वाटते, नव्हे. दीर्घसूत्री मनुष्याने सूत हाती तरी घेतलेले असते. एका दिवसाचे काम तो महिनाभर ताणतो, पण काम आपले आहे हे त्याला कबूल असते. आपला हा ‘बघूया’ वाला सुताला हातच लावत नाही. म्हणून तामस कर्त्यांत त्याची गणना करणेसुद्धा अवघड, कारण तो कर्ताच नाही.

पुढच्या एकादशीस हा सर्व विचार मी मंडळींपुढे मांडला. त्यावर भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, “बुवा, ह्ये कागदावर समजत नाही बघा. एकदा रस ओतताना या.” मी ‘येईन कधीतरी’ म्हणणार होतो. जीभ चावली आणि वार ठरविला.

ज्यांनी ओतकाम पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वसाहतींपैकी ही एक, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून, पुलाच्या शिरोलीत. येथे लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने पुष्कळ. वाळूत थोडी चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळून ती पेटीत दाबतात, मधला पॅटर्न काढून घेतला की पोकळी राहते. तोच साचा. भट्टीत भंगार आणि बीड वितळवून सुमारे चौदाशे अंश किंवा त्याहून अधिक उष्ण रस तयार करतात आणि मोठ्या पळीतून साच्यात ओततात. ऐकायला सोपे आहे.

मोटारींच्या काही भागांना चिवट लोखंड लागते. त्यासाठी रसात मॅग्नेशियम घालतात. त्यामुळे लोखंडातील ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपाने न राहता बारीक गोळ्यांच्या रूपाने गोठते, आणि तो भाग आघात सोसतो. पण मॅग्नेशियम पडले की घड्याळ सुरू होते. त्याचा गुण मिनिटामिनिटाला उतरत जातो. साधारण दहा-बारा मिनिटांत रस साच्यात गेला नाही तर ग्राफाइट पुन्हा पापुद्र्यांकडे वळू लागते. आणि गंमत अशी की रस डोळ्यांना तसाच लाल दिसतो. कास्टिंगही तसेच दिसते. मोडते ते पुढे, रस्त्यावर.

दुसरा प्रकार त्यांनी मला हातात देऊन दाखविला. रस निवत चालला असताना ओतला तर साच्यात दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकमेकांना भेटतात, पण एकजीव होत नाहीत. मधे केसासारखी रेघ राहते. तिला तेथे ‘कोल्ड शट’ म्हणतात. बोट फिरविले तर रेघ कळतेही, नकळतेही. हा तुकडा पुन्हा भट्टीत जातो.

“ह्यात रस कमी न्हवता, बुवा,” भट्टीवाले म्हणाले. “रस पुरेसाच हुता. येळ गेली.”

लॉकचे उत्तर माझ्या मनात यापूर्वी अर्धे होते. त्या तुकड्यावर बोट ठेवल्यावर ते पुरे झाले. इच्छा कमी नसते. पळीत असते. साच्यात पडत नाही.

आता हे एका माणसाचे झाले. पण सबंध समाजच्या समाज अशी इच्छा शतकानुशतके पळीत धरून बसू शकतो, आणि त्याचे उदाहरण शोधावयास आपणा वारकऱ्यांना लांब जावे लागत नाही. सांगताना जीभ जड होते, तरी सांगितले पाहिजे.

चोखोबाराय १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारापाशी आहे. त्या समाधीचे दर्शन घेऊन आपण पिढ्यान्‌पिढ्या आत जात आलो. चोखोबांचे अभंग आपण गाइले, ऐकले, डोळे पुसले. देवापाशी भेद नाही, हे कीर्तनात सांगितले. पण चोखोबांच्या जातीच्या माणसाला त्या द्वारातून आत जाता येत नव्हते ते नव्हतेच. असे किती वर्षे चालावे? १३३८ पासून १९४७ पर्यंत मोजा, सहाशे नऊ वर्षे होतात.

या सहाशे नऊ वर्षांत इच्छा नव्हती, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. ज्याला खरेच वाटत होते की दार उघडावे, असा मनुष्य प्रत्येक दिंडीत असला पाहिजे. पण ‘काळ बदलेल तसे होईल’, ‘लोकांची मने तयार झाली पाहिजेत’, ‘देवाच्या मनात आले की होईल’, अशी बोलणी चालत. सर्व पावसाची बोलणी! जे दार माणसांनी लावले होते आणि माणसांच्या हातांनीच उघडणार होते, ते आपण ऋतूंच्या स्वाधीन केले होते.

साने गुरुजींनी निराळे काय केले, ते या दृष्टीने पाहावे. त्यांच्या अंतःकरणातील कळवळा मोठा होता हे तर खरेच. पण कळवळा मोठा असलेले पुष्कळ होते. गुरुजींनी ती गोष्ट पावसाच्या खात्यातून काढून स्वतःच्या नावावर मांडली. दार उघडणे त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हते. मग हाती काय होते? पाय होते, वाणी होती, आणि स्वतःचा देह होता. आधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सभा घेतल्या, आणि त्या वाटेवर कितीतरी गावांनी आपापली देवळे आणि पाणवठे खुले केले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरास त्यांनी उपोषण सुरू केले. पहिला दिवस पंचांगात ठरलेला होता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दहा-अकरा दिवसांनी, मंदिर सर्वांस खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

सहाशे नऊ वर्षे एका पारड्यात आणि काही महिन्यांचा दौरा व दहा-अकरा दिवस दुसऱ्या पारड्यात. कोणी म्हणेल, काळ अनुकूल होता, देश स्वतंत्र होण्याच्या बेतात होता, कायदा व्हायचाच होता. असेल. काळाचे साह्य मी नाकारीत नाही. साचा तयार असावा लागतोच. पण तयार साच्यासमोर पळी धरून उभे राहिलेले लोकही आपण पाहिले आहेत.

आमच्या कोल्हापुरातलेच दुसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. खेड्यापाड्यांतील मुले शिकावीत, असे कोणाला वाटत नव्हते? शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. ‘मुलांनी शिकावे’ हे वाटणे झाले. त्याला रुपया चिकटला तेव्हा ते करणे झाले.

अलीकडच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीचे प्रयोग केले आहेत. त्यांतला एक ऐकून मी, निरूपण करणारा मनुष्य, पुरता खजील झालो. तो ब्रिटनमधील असून २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटे व्यायाम करावा, एवढीच गोष्ट. पहिल्या गटाला काही विशेष सांगितले नाही, त्यातील शेकडा ३८ जणांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयी उत्तम माहिती वाचावयास दिली. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांच्यापुढे निरूपण केले. त्यातील ३५ टक्क्यांनी व्यायाम केला! तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली, आणि शिवाय एक वाक्य लिहावयास लावले : कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी मी व्यायाम करीन. या गटात ९१ टक्के.

दुसऱ्या गटाची इच्छा वाढली नव्हती असे नव्हे. इच्छा वाढली, काम वाढले नाही. माझे निरूपण ऐकून डोळे पुसणारी मंडळी घरी जातात तेव्हा कोणत्या गटात असतात, हे मला आता विचारावयास नको.

पण दिवस, वेळ, ठिकाण हे ऐकून काही आठवते काय? आपण वारकरी कर्मकांडात फारसे रमणारे नव्हे, तरी घरी सत्यनारायण असो की वास्तुशांत, संकल्प प्रत्येकाने ऐकलेला असतो. गुरुजी घाईघाईने म्हणतात आणि आपण पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. त्यात असते काय? कोणते खंड, गोदावरीच्या कोणत्या तीरावर, कोणता शक, कोणता संवत्सर, कोणता मास, पक्ष, तिथी, वार. मग मी अमुक गोत्राचा अमुक. आणि शेवटी क्रियापद येते ते ‘करिष्ये’. मी करीन. प्रथमेतला मी! तेथे ‘मला वाटते’ला जागाच नाही. लहानपणी वाटे, देव सर्वज्ञ आहे, त्याला पत्ता आणि तारीख कशाला सांगायची? आता कळते की ती देवाला सांगायची नसून आपल्याला सांगायची असते.

आणि वारी म्हणजे तरी काय? माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघते. पेरण्या झाल्या असोत वा नसोत, तिथी हलत नाही. ‘सवडीने जावेसे वाटते’ म्हणणाराची वारी घडत नाही, आणि घडत नाही याचे त्याला आश्चर्यही वाटत नाही.

एवढे ऐकून त्या मुलीनेच शंका काढली, आणि ती रास्त होती. “बुवा, माझ्या आजीचे गुडघे गेलेत. तिला पंढरपूरला चालत जावंसं वाटतं. तिची इच्छा म्हणजे ही व्हेलीइटीच का?”

नव्हे. आजीची इच्छा ही अक्वायनसच्या अर्थाची झाली. शक्य असते तर गेल्या असत्या. तिला हात लावण्याचा कोणाला अधिकार नाही. पण चौकशी केली तेव्हा कळले की आजी स्वस्थ बसल्या नव्हत्या. कोल्हापुराजवळ करवीर तालुक्यात नंदवाळ आहे. आषाढी एकादशीस तेथे मोठी यात्रा भरते, कोल्हापुरातून दिंडी जाते, वाटेत पुईखडीला रिंगण होते. आजी दिंडीत चालू शकत नाहीत. त्या आदल्या दिवशी शेजारणीला गाठून रिक्षाचे ठरवितात, रिंगणाच्या जागी सकाळीच जाऊन बसतात आणि येईल त्याच्या पायाला हात लावतात. पंढरपूर कृतिसाध्य नाही, पुईखडी आहे. जे हाताबाहेर आहे त्यातला हातातला तुकडा त्यांनी वेगळा काढला. साने गुरुजींनी केले तेच हे, असे म्हटले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. मला वाटत नाही.

आता लेख येथे संपविता आला असता. पण दुसऱ्यांची उदाहरणे सांगून स्वतः मोकळे होणे बरे नव्हे.

आमच्या या मंडळीत एक वृद्ध गृहस्थ होते. सर्वजण त्यांना मामा म्हणत. जन्मभर त्यांनी लाकडी पॅटर्न करण्याचे काम केले. ओतलेले लोखंड निवताना आक्रसते, मीटरमागे सुमारे सेंटिमीटरभर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या कारागिरांची पट्टीच निराळी असते, खऱ्या पट्टीपेक्षा किंचित लांब. मामा ती दाखवून म्हणत, “बुवा, ही पट्टी खोटी. पर हिच्यानं केलेलं खरं उतरतंय.”

मामांच्या गळ्यात काकड्याच्या जुन्या चाली होत्या. त्यांच्या वडिलांकडून आलेल्या, दुसरीकडे कोठे ऐकल्या नाहीत अशा. आवाज थकला होता, पण चाल सुटत नसे. एकदा काकडा झाल्यावर ते मला म्हणाले, “ह्या तेवढ्या उतरून घ्या. माझ्या पोरांच्यात कुनाला नाद नाही.”

मी म्हणालो, “मामा, घ्यायलाच पाहिजेत. मला फार दिवसांपासून वाटतंय.”

खरोखरच वाटत होते. तीन वर्षे वाटत होते. प्रत्येक कार्तिकात अधिक वाटे. टोचणी कमी होती असे लॉकने येऊन सांगितले तरी मी मानणार नाही. आणि लागणार काय होते? एक वही, पेटी वाजविणारा एक गडी, दोन संध्याकाळ. तेही नको, माझ्या खिशात मोबाइल होता, त्याचे एक बटण दाबले असते तरी पुरते. पण मी मनात धरून बसलो होतो की हे काम ‘नीट’ झाले पाहिजे, स्वरलिपीसह, सवडीने, जाणकार मनुष्य बरोबर घेऊन. म्हणजे हातातली गोष्ट मीच उचलून आभाळात ठेवली आणि मग पावसाची वाट पाहिली. गेल्या माघात मामा गेले.

अंत्यविधीला त्यांच्या मुलाने ती लांब पट्टी मला दाखविली. “बाबांनी तुमच्यासाठी ठेवलीया का काय, माहीत नाही, पर तुमचं नाव घेत हुते.” मी ती घेतली नाही. घेण्याचा हक्क आहे असे वाटले नाही.

मामांच्या शेजारी बसून वीस वर्षे टाळ वाजविणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना चालींची तोंडे येतात, त्यांतील तिघा-चौघांचे अंतरेही, बाकीचे अडखळतात. शंभर पानी वही आणली आहे आणि पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि जागा घातली आहे : येत्या वद्य एकादशीस, संध्याकाळी सहा वाजता, शिरोलीस, पाठाच्या खोलीत. पेटीवाल्यास सांगून झाले आहे. मामांच्या चाली ज्यांनी कधी ऐकल्या असतील आणि अर्ध्यामुर्ध्या का होईना आठवत असतील, त्यांनी त्या दिवशी यावे. मोबाइल भरून आणावा.